अम्मीच्या ओढणीचं अस्तर

अब्बांनी कुडता उलटा करून उजेडात धरला आणि मी त्यांच्यासाठी आणलेला चहाचा कप तिथेच खाली ठेवला.

आत पाठीपुरतं रेशमी अस्तर होतं, गेलेल्या अम्मीच्या ओढणीचं. अब्बा गावच्या मशिदीत इमाम. पुरुषाला रेशीम हराम, बाईचा कपडा अंगावर घेणंही हराम, हे त्यांनीच शिकवलेलं. लहानपणी मी गमतीत धाकट्या भावाला माझा फ्रॉक घातला, तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. पण आता त्यांच्या पाठीवर नागीण उठली होती. सुती कापड टेकलं तरी कळवळायचे. म्हणून मी न सांगताच अस्तर शिवलं.

“हे कधीपासून?”

“सोमवारपासून. गुन्हा माझा आहे अब्बा, तुमचा नाही.” बोलता बोलता मी दाराकडे सरकले.

“अगं, अंगाला असा आजार असेल तर पुरुषालाही रेशमाची मुभा आहे. खुद्द पैगंबरसाहेबांनी दिलीय. मला विचारायचं तरी!”

“भीती वाटली.”

“अल्लाची?”

“नाही. तुमची.”

अब्बा त्या ओढणीच्या तुकड्यावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनीच भीत भीत विचारलं, “तुझी अम्मीपण मला अशीच घाबरायची का गं?”