‘डोळे’ नावाची रेघ

“हाच का तुझा खिडकीवाला मुलगा?” शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली. “मग विचार की त्याला, आम्ही बघायचं काय? पंखा?”

आई हसली. तो हसला नाही. डबा स्टुलावर ठेवून तसाच उभा राहिला.

शुश्रूषा केंद्रातल्या या खिडक्या त्यानेच कॉम्प्युटरवर घडवल्या होत्या. उभ्याने त्याला सगळं दिसत होतं. रस्ता, शाळेचं मैदान, बादली घेऊन गाडी धुणारा माणूस. आई मात्र पाठीच्या दुखण्याने आडवीच. तिच्या उशीवरून दिसत होती नुसती भिंत, आणि भिंतीच्या वर काचेत पांढरं आभाळ.

खिडकी एकदाच घडवायची आणि इमारतभर चिकटवायची, हे त्याचं काम. आधी आधाराच्या रेघा मांडायच्या. हिरव्या, तुटक, कागदावर कधीच न छापल्या जाणाऱ्या. मापं त्या रेघांना द्यायची आणि चौकट त्यांना कुलूप लावून बांधायची. मग आकडा बदलला की रेघ सरकते आणि रेघेबरोबर चौकट. तळाच्या रेघेला त्याने नाव दिलं होतं ‘डोळे’. ऑफिसात सगळे खिदळले. “खिडकी काढतोयस की कविता लिहितोयस?” तो म्हणाला, झोपलेल्या माणसाला बाहेरचं दिसायला हवं, म्हणून. साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती.

नाव दिलं, आकडा दिला. कुलूप लावायचं राहिलं. आकडा बदलून चौकट हलते का, हे बघायला कितीसा वेळ लागतो? तेवढाही त्याने दिला नाही. फाईल पाठवायची घाई होती, कौतुक आधीच झालं होतं. रेघ इमानाने खाली गेली. मापांच्या तक्त्यात बरोबर आकडा छापला गेला. चौकट मात्र जुन्याच जागी, उभ्या माणसाच्या कमरेच्या वर अडकून राहिली. नकाशात ती तशीच उमटली आणि तशीच बांधली गेली.

आणि त्याला ते कळलं नव्हतं, असंही नाही. भिंती चढत असताना तो तिथे गेला होता. बघताक्षणी चूक लक्षात आली. केंद्राच्या संचालिका शेजारीच उभ्या होत्या.

“खिडक्या जरा वर नाही वाटत?”

“सेफ्टीसाठी, मॅडम,” तो म्हणाला.

त्या दिवशी विटांचे चार थर उतरवले असते तर भागलं असतं. पण मग चूक कुणाची, हे विचारलं गेलं असतं. भेकड माणसाला सेफ्टी हा शब्द फार उपयोगी पडतो. त्या खिडक्यांखाली कोण झोपणार, याचा त्याने विचारच केला नाही. कुणाची तरी आई झोपेल. कुणाची तरी.

“बोल ना रे बाबा,” म्हातारी पुन्हा म्हणाली. “का तुझी आई उभी राहून झोपते?”

आज सांगून टाकायचंच. “आई, ही खिडकी ना...”

“तू गप्प बस गं,” आई शेजारणीवर खेकसली. “माझ्या मुलाने माप घेऊन केलीय.” मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “आठवतं ना? घरी मला कॉटवर आडवं पाडून डोळ्यांपाशी टेप लावली होतीस. मला हसू आवरेना, तर ओरडलास, हलू नकोस म्हणून.”

आईने मान उशीवरून जेमतेम उचलली, खिडकीकडे बघितलं, पुन्हा टाकली. मग शेजारणीला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली,

“तुझं माप चुकायचं नाही रे. आजारपणात मीच आखडले असेन.”