बारा सेकंद

"हे प्रकरण काढून टाका," मार्गदर्शक प्रभाकरराव म्हणाले आणि नलूचा प्रबंध त्यांनी टेबलावर मागं सरकवला.

नलूचं डोकं सणकलं. नागपूरच्या खुर्चीत बसून हिंगणघाटचा प्रयोग खोडायला काय लागतं? तीन वर्षं तिनं त्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. हवा लागताच पेट घेणारं ॲल्युमिनियमचं संयुग नायट्रोजनमध्ये जपायचं, त्यात अमाइन सोडायचं आणि निघणारा वायू घड्याळ लावून मोजायचा. त्यातून तिला कुठल्याही पुस्तकात नसलेली गोष्ट सापडली होती. अमाइन पडल्यावर बारा सेकंद काहीच घडत नाही, मग वायू सुटतो. त्या बारा सेकंदांवर तिचा सगळा सिद्धांत उभा होता.

"तापवलं तरी बारा, अमाइन बदललं तरी बारा," सर म्हणाले. "उष्णता दिली की प्रत्येक अभिक्रिया घाई करते. तुमचीच तेवढी करत नाही?"

"म्हणूनच तो शोध आहे, सर. जर्मनीतून आला असता तर डोक्यावर घेतला असता तुम्ही. या आणि डोळ्यांनी पाहा."

सर आले. प्रयोगशाळेतला जुना परिचर मंगरू एका हातात घड्याळ घेऊन, दुसरा अमाइन सोडायच्या चावीवर ठेवून फ्लास्कपाशी उभा राहिला; सर त्याच्या शेजारी. आगीच्या भीतीनं मध्ये पत्र्याचा आडोसा होता आणि नेहमीप्रमाणे नलू त्याच्या अलीकडे वायू मोजणाऱ्या ब्युरेटवर डोळे लावून बसली. 'आधी घड्याळ, मग चावी,' हे तिनंच मंगरूला शिकवलं होतं.

"चालू," मंगरू पलीकडून म्हणाला.

बरोबर बारा सेकंदांनी ब्युरेटमधला पारा हलला. नलू ताडकन उठली. "पाहिलंत, सर?"

सर मंगरूकडे पाहत होते. "घड्याळ दाबल्यावर तुम्ही काय केलं?"

"हात जोडले, साहेब. देवीमायचं नाव घेतलं, मंग चावी सोडली."

"दर वेळी?"

"हो. त्याबगर नाई सोडत."

नलूच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं, दोनशे नोंदी, एक आख्खा सिद्धांत. रागाच्या भरात तिची घरची बोली बाहेर आली. "काऊन पण, मंगरूभाऊ? कोणी सांगितलं होतं तुमाले?"

"कोनी नाई, बाई," मंगरू खाली मान घालून म्हणाला. "पयल्या दिवशी तुमचे हात भाजले ना, तवा मी जोडले नोते."