आरशांवरचे अस्तर

पणजोबांनी शिवणाचे दुकान काढले, आजोबांनी त्यात पुरुषभर उंचीचे तीन आरसे बसवले, वडिलांनी त्या आरशांसमोर अर्ध्या शहराच्या अंगावर कोट चढवले, आणि चौथ्या पिढीचा रिळ्या आज त्याच आरशांसमोर स्वतःची हनुवटी धरून उभा होता. लहानपणी अखंड बोलायचा म्हणून त्याला रिळ्या म्हणत. गेले कित्येक महिने ते रीळ अडकले होते.

आत्याने, म्हणजे त्याच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीने, काज करता करता सुई थांबवली.

"काय बघतोस एवढं?"

"हा मी वाटत नाही गं, आत्या. हात कापड कापतात, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात. बोललो की आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा येतो."

"कात्री वाकडी गेली का?" वडिलांनी यंत्रावरून मान न उचलता विचारले.

"नाही, बाबा."

"मग झालं तर!"

काम बिघडत नव्हते, हीच पंचाईत होती. ऐन हंगामात जागरणे झाली, एका दुपारी छातीत धडधड उठली, आणि तेव्हापासून जगाच्या आणि त्याच्या मध्ये काच आली. आपल्याला वेड लागते आहे, अशी त्याची खात्री झाली होती. महिनाअखेर कात्री कायमची खाली ठेवतो, असे त्याने आदल्याच दिवशी आत्याला सांगितले होते. आत्याला मूल नव्हते. या घराचा वारसा आणि तिचा जीव, दोन्ही त्या कात्रीच्या टोकावर होते.

तिने त्याचे कोपर धरले आणि त्याला थेट मनोविकारतज्ज्ञांकडे नेले.

डॉक्टरबाईंनी सगळे शांतपणे ऐकले. "याला डीपर्सनलायझेशन म्हणतात. ताण असह्य झाला की मन स्वतःच्याच जाणिवेवर पडदा ओढून घेतं. फार भीती वाटते, पण हे वेड नव्हे. हे नुसतं वाटतंय, खरं नाही, एवढं तुम्हाला पक्कं कळतंय ना? आता सांगा, आपण परत आलो का, हे दिवसातून कितीदा तपासता?"

"आरसा दिसला की."

"आणि आरसे आहेत तीन," आत्या म्हणाली. "तेही पुरुषभर."

या घराण्याची शिस्तच तशी होती. अंगावरचा कोट थेट पाहायचा नाही, आरशात पाहायचा. सवयीने नजरेतून सुटलेला दोष तिथे उलटा होऊन समोर येतो. रिळ्या तीच शिस्त स्वतःला लावून बसला होता.

"माणूस म्हणजे कोट नव्हे," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "दोष शोधत राहाल तर दोषच दिसत राहील. तपासणं सोडायला शिका. भीती ओसरली की पडदाही हळूहळू विरतो. दर आठवड्याला येत जा."

त्याच संध्याकाळी आत्याने तिन्ही आरशांवर अस्तराचे कापड टाचले.

"बिनआरशाचं शिंप्याचं दुकान!" वडील कडाडले. "लोक हसतील, ताई."

"हसू देत. हसायला आले तरी माप देऊन जातील."

एका निवृत्त न्यायाधीशांनी मात्र विचारले, "मी कसा दिसतो, हे मला कळणार कसं?"

आत्याने त्यांच्याभोवती एक फेरी मारली. "पोट सुटलंय. कोट उत्तम आहे."

न्यायाधीश दुसऱ्या कोटाचे माप देऊन गेले.

रिळ्याला ते सोपे गेले नाही. मान आपोआप त्या कापडाकडे वळे. काही दिवस बरे जात, काही पुन्हा काचेपलीकडचे. पडदा आलाच तर त्याच्याशी झुंजायचे नाही, हातातल्या कामाकडे वळायचे, हे तो डॉक्टरबाईंकडून धीराने शिकत होता. महिनाअखेर आली आणि गेली. कात्रीचा विषय कुणी काढला नाही.

मग एके सकाळी आत्याने त्याच्यापुढे गडद जांभळे लोकरीचे कापड टाकले.

"माझ्या बाबांनी माझ्या कोटासाठी घेतलेलं. आधी गिऱ्हाईक, मग घरचे, असा त्यांचा नेम. त्यांना सवड झाली नाही, तुझ्या बापालाही झाली नाही. आता तू शीव."

"हे कापड फार जुनं झालंय, आत्या."

"मी कुठे नवी आहे? माप घे."

गिऱ्हाईक म्हणून आत्या असह्य होती. कोट अंगावर घालून पाहायच्या दिवशी ती क्षणभरही स्थिर उभी राहिना.

"हलू नकोस गं! श्वास सोड."

"मी श्वासासकट मावेन असा कोट हवाय."

"डावी बाजू लोंबतेय. का लोंबतेय? कापलंय तर बरोबर. थांब, वळ इकडे. हात खाली. खाली म्हणतोय ना!"

बोलता बोलता त्याने मधल्या आरशावरचे अस्तर खसकन ओढले, आत्याला खांदे धरून आरशासमोर उभे केले आणि डोळे बारीक केले.

वडिलांचे यंत्र थांबले.

"सापडलं!" रिळ्या ओरडला. "कोट सरळ आहे, तुझाच खांदा उतरलाय. आत गादी घालतो, बघ कसा बसतो ते."

टाचण्या तोंडात धरून तो पुन्हा खांद्याशी लागला. आत्या आरशात पाहत राहिली. पडदा उद्या पुन्हा येईलही, हे तिला ठाऊक होते. पण या घटकेला तिच्यामागे तो नखशिखांत आरशात उभा होता, आणि त्याचे डोळे एकदाही स्वतःकडे वळले नव्हते.

"बोल की," तो म्हणाला. "आवडला का?"

"बाबांचं देणं," आत्या म्हणाली, "आज पुरतं फिटलं."