हनुवटीखालची सावली

"एक चेहरा रंगवा. माझ्यासमोर, दोन तासांत," कलासमितीच्या लागेरस्ट्राँडसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं.

आल्फहिल्डने घड्याळाकडे पाहिलं. चार मजले चढून धापा टाकत साहेब दारात आले, तेव्हा ईझलपाशी तीच उभी होती. "हाग्ल्युंडबाई ना?" त्यांनी विचारलं. "या साहेब, बूट भिजले असतील, शेकोटीपाशी बसा," ती म्हणाली.

भानगड अशी होती. हाग्ल्युंडबाईंचं जाळं विणणाऱ्या म्हातारीचं चित्र कलासमितीला फार आवडलं. पॅरिसची शिष्यवृत्ती ठरल्यातच जमा होती. तेवढ्यात कुणीतरी पुडी सोडली, की बाईच्या हातात एवढा दम कुठला, ब्रश कुण्या पुरुषाचाच असणार. झालं. आठवडाभर हेलसिंकीत दुसरा विषय नव्हता. आता सबबी कोण ऐकणार? आज हात दाखवला नाही, तर पॅरिस बुडालं.

"आणि मॉडेल?"

"ही काय, बसलीये."

खिडकीपाशी एक बाई बसली होती. डोक्याला रुमाल, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जाडी लोकरीची शाल. चित्रकार बायकांना मॉडेल मिळायची मारामार. आपापसांतच आळीपाळीने कुणीतरी बसायचं. बाई साहेबांना फिनिशमध्ये नमस्कारासारखं काहीतरी म्हणाली. साहेब जन्मभर स्वीडिश बोललेले, फिनिशचं अक्षर कळायचं नाही. रुमाल, शाल आणि वर फिनिश, म्हणजे बंदरावरची कोळीणच.

"तिला म्हणावं, ताठ बस."

आल्फहिल्डने ब्रश उचलला. अर्धा तास झाला तरी कॅनव्हासवर नुसता चिखल. साहेब खाकरले. ती मनात म्हणाली, संपलं सगळं.

बाई ओठ फारसे न हलवता पुटपुटली.

"काय म्हणतेय?"

"पाय आखडलेत म्हणतेय."

"काम झालं की कॉफी मिळेल म्हणावं."

आल्फहिल्डने खोल श्वास घेतला, ब्रश पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. यावेळी रंग बसला. थोड्या वेळाने बाई पुन्हा पुटपुटली, जरा रागानेच.

"आता काय?"

"भूक लागलीये."

"या कोळणींना बघावं तेव्हा भूक," साहेब म्हणाले. बाईच्या ओठांचा कोपरा हलला, पण मान जागची हलली नाही.

मग हात चालायला लागला. चार वर्षं मैत्रिणीबरोबर एकाच मास्तरांकडे घोटलेलं बोटांत उतरलं. घड्याळात दोन तास भरले.

साहेबांनी बरोबर आणलेलं म्हातारीचं चित्र नव्याशेजारी लावलं आणि दोन्ही नाक टेकेल इतक्या जवळून पाहिली. "तोच हात! ही हनुवटीखालची सावली दुसऱ्या कुणाला जमायची नाही." त्यांनाही हायसं वाटलं होतं, समितीत या चित्रासाठी तेच भांडले होते. शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करून, टोपी घालून ते उतरले. बर्फावरच्या घसरगाडीच्या घंटा रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू आल्या.

आल्फहिल्डने फतकल मारली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. "सुटलो गं बाई," ती म्हणाली.

खुर्चीतल्या बाईने शाल बाजूला सारली. बर्फावर घसरून मोडलेला तिचा उजवा हात कोपरापर्यंत लाकडी पट्ट्यांत बांधलेला होता.

"दोनदा सांगावं लागलं, हनुवटीखाली करडा लाव म्हणून," वेंडला हाग्ल्युंड म्हणाली आणि तिने डाव्या हाताने वेलचीचा पाव उचलला.