दोघींचा उपास

देवयानीने डबा उघडून टीपॉयवर ठेवला. थालीपीठ आणि दही. इशिताला लहानपणी फार आवडायचं, असं ती सुचित्राला सांगायला लागली आणि मधेच गप्प झाली. मुलीसमोर खाण्याचं कौतुक करायचं नाही, असं सुचित्रानेच तिला बजावून ठेवलेलं होतं.

सुचित्रा खाण्याच्या आजारांवरची कौन्सेलर होती. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या या छोट्या ऑफिसात तिच्याकडे बायका यायच्या, वयात आलेल्या मुली यायच्या, खेळाडू मुली तर बऱ्याच. मराठी मंडळात कुणीतरी तिचं नाव सांगितलं म्हणून देवयानी लेकीला घेऊन यायला लागली होती.

इशिता सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत फिरत होते आणि हिने शाळेच्या टीमचा जाड स्वेटशर्ट घालून हातसुद्धा बाह्यांत ओढून घेतले होते. क्रॉसकंट्रीत, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींत, ती शाळेत सगळ्यांच्या पुढे असायची. वजन उतरायला लागलं तसा तिचा वेग आधी वाढला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पाळी थांबली, पायाच्या हाडाला चीर गेली, आणि आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की खाणं सुरू झालं नाही तर हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागेल. तिचे वडील उल्हास पहिल्या भेटीला आले होते. ती परत कधी धावू शकेल, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

आजचं काम ठरलेलं होतं. आईने जेवण आणायचं आणि मुलीशेजारी बसायचं. रागवायचं नाही, रडायचं नाही, पण उठूनही जायचं नाही.

देवयानीने तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि पुढे धरला.

"आधी तू खा," इशिता म्हणाली.

देवयानीने सुचित्राकडे पाहिलं. आज सोमवार, आपला उपास आहे, असं ती हळूच म्हणाली.

सुचित्राने चौकशी केली तशी देवयानी सांगत गेली. सोमवार लग्नाआधीपासूनचा. गुरुवार धरला तो इशिता शर्यतीत उतरायला लागली तेव्हा. आणि मुलीचं खाणं सुटल्यापासून शनिवारही, तिने खावं म्हणून. दिवसभर नुसता चहा आणि पाणी. हे सांगताना तिला संकोच वाटत नव्हता. उलट कुणीतरी विचारलं याचं बरंच वाटत असावं.

"शी डझन्ट ईट आयदर," इशिता सुचित्राला म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "देवळात सगळ्या काकू म्हणतात, वॉव देवयानी, किती विलपॉवर. आणि मला डॉक्टरकडे नेतात. काय डिफरन्स आहे?"

सुचित्राजवळ याचं उत्तर होतं. श्रद्धा वेगळी आणि आजार वेगळा, हे तिने कितीतरी आयांना आणि मुलींना समजावून सांगितलेलं होतं. पण देवयानीच्या गळ्याशी वर आलेली हाडं तिला आज पहिल्यांदा दिसली.

देवयानीने हातातला तुकडा स्वतःच्या तोंडात घातला.

इशिताच्या वेळी दिवस भरत आले होते तेव्हाही तिने सोमवार मोडला नव्हता. तिने तो घास पुष्कळ वेळ चावला, कसाबसा गिळला, मग दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण रडायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळे ती ते पुसत नव्हती. जणू ते तिचं नव्हतंच. अर्धं थालीपीठ संपल्यावर ती थांबली.

"मोडला बघ," ती म्हणाली. "आता तू."

इशिताने बाहीतून हात बाहेर काढला. बोटं निळसर पडली होती. तिने एक छोटा तुकडा उचलला, ओठांपर्यंत नेला. वासाने तिचे डोळे मिटले. तुकडा ओठांना टेकला आणि तिथेच राहिला. सुचित्राला वाटलं, आता खाईल. मग हात खाली आला.

"मला खायचंय, आई." आजवर ती फक्त भूक नाही म्हणत आली होती. "आय रिअली वाँट टू. मी ट्राय करतेय, पण होतच नाही."

तिने तो तुकडा डब्यात परत ठेवून दिला.

सुचित्रा बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने डॉक्टरांना फोन लावला. आजच घेऊन या, असं ते म्हणाले. मग तिने उल्हासना फोन केला. ते मीटिंग सोडून निघतो म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, हे शाळेला कळवावं लागेल का.

ती परत आली तेव्हा देवयानी सोफ्याखाली जमिनीवर बसली होती. पर्समधली क्रीमची ट्यूब काढून ती लेकीच्या हाताला लावत होती. कातडी कोरडी पडून भेगाळली होती. एकेक बोट हातात घेऊन ती मुळापासून नखापर्यंत चोळत होती, आणि इशिता तिला चोळू देत होती. गेले कित्येक महिने तिने कुणाला अंगाला हात लावू दिला नव्हता. सुचित्रा दारातच उभी राहिली. हॉस्पिटलचं थोडं नंतर सांगितलं तरी चालेल, असं तिला वाटलं.

इशिताने मान वर केली.

"सुचित्रामावशी," लहान मुलं खरंच माहीत नसलेलं विचारतात तसं तिने विचारलं, "यातलं फॅट स्किनमधून आत जातं का?"

नाही, अजिबात नाही, असं सुचित्रा म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. इशिता आपल्या हातांकडेच बघत राहिली.

देवयानीने ओढणीचं टोक हातात घेतलं आणि लावलेली क्रीम एकेका बोटावरून पुसून काढायला लागली.