दुसरा रिमोट

ताईच्या मालवाहू व्हॅनला मी सेंट्रल लॉक बसवत होतो. "बटण न बघता हाताला लागलं पाहिजे," ती सीटवरून म्हणाली. "खोकी वाहतेस की सोनं?" ती हसली नाही. तिच्या बाजूच्या दाराचं हँडल मी वर्षात तीनदा बदललं होतं. "हल्लीचे पार्टच तकलादू रे," ती दरवेळी म्हणायची. शेवटची वायर जोडली, तोच दाजी गॅरेजमध्ये शिरले. ताईने बटण दाबलं. सगळी दारं खटकन लागली. "उघड," दाजी म्हणाले. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यांनी हँडलला हिसडा दिला, पुन्हा दिला. ते तुटून हातात आलं. हे चौथं. तुटताना मात्र मी पहिल्यांदाच पाहिलं. दाजी माझ्याकडे वळून गोड हसले. "मेव्हणे, याला दोन रिमोट येतात ना? एक द्या इकडे." दुसरा रिमोट मी मुठीत आवळला. "एकच येतो, दाजी."