पहिली उपमा

दादासोंच्या लिहायच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक असायचा. मुंगीबद्दल लिहायचं तर आधी मुंगी भिंगाखाली जायची. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, उपमा द्यायची नाही, हा नियम त्यांनी विज्ञानाकडून घेतला आणि सगळ्या कादंबऱ्यांत पाळला. “एकदा तरी ‘फुलावानी’ असं लिवा की,” बायको आक्काताई कुरकुरायची. आज राजारामपुरीतल्या लॅबमधून तिच्या छातीतल्या गाठीची काचपट्टी घरी आली. उद्या ती मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायची होती. “त्येंच्या आदी तुमी बघा. तुमी हाय तेच सांगतासा,” ती म्हणाली. दादासोंनी काचपट्टी भिंगाखाली सरकवली. बराच वेळ त्यांनी भिंगावरून डोळा हलवला नाही. अशा वेड्यावाकड्या पेशी त्यांनी पुस्तकांत पाहिल्या होत्या. “काय दिसतंय?” तिनं विचारलं. “जांभळाच्या झाडाखाली सडा पडल्यावानी दिसतंय,” ते म्हणाले. तिनं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “एवढं वाईट हाय व्हय?”